दाराचे माप

आमच्या शाळेच्या सभागृहाला मागच्या बाजूला एक दार आहे. त्यातून मैदानात जाता येते. दाराचे तोंड पश्चिमेला, म्हणजे कोकणातला पाऊस थेट त्याच्यावरच येतो. पंधरा-वीस पावसाळे खाल्ल्यावर त्याचा तळाचा वीतभर भाग कुजला, बोट घातले की भुसा हाती येऊ लागला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते बदलायचे ठरले. चौकट फणसाची, जुनी पण शाबूत. तेव्हा चौकट तशीच ठेवून फक्त झडप नवी करायची असा बेत होता. मेस्त्री म्हणाले, "माप तेवढे काढून ठेवा सर, मी लाकूड बघून येतो."

शाळेत आम्ही तिघे विज्ञान-गणिताचे शिक्षक. माप घेणे हे आमचे रोजचेच काम. प्रयोगवहीत मुलांना सांगतो तसेच आम्ही केले. चौकटीची आतली रुंदी तीन ठिकाणी मोजली: वर ९०६ मिमी, मध्ये ९१३ मिमी, खाली ९१७ मिमी. तिन्हींची सरासरी काढली, ती आली ९१२. दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर फट सोडून झडपेची रुंदी ९०६ मिमी ठरवली आणि कागदावर सुबक आकृती काढून मेस्त्रींच्या हाती दिली.

आठ दिवसांनी झडप आली. ती खाली सहज बसली, मध्ये बसली आणि वर अडकली. वर चौकटच मुळी ९०६ मिमी होती! मेस्त्रींनी आमच्या आकृतीकडे पाहिले, मग चौकटीकडे पाहिले आणि म्हणाले, "सर, भिंतीला तुमची सरासरी कशी कळणार?"

त्या दिवशी आम्हांला एक गोष्ट नव्याने शिकावी लागली. लंबकाच्या वीस आंदोलनांचा वेळ आपण तीनदा मोजतो आणि सरासरी घेतो. तिथे मोजायची राशी एकच असते. आकडे वेगवेगळे येतात ते आपल्या हातामुळे, डोळ्यामुळे, घड्याळाचे बटण दाबायला लागलेल्या उशिरामुळे. कधी थोडे जास्त, कधी थोडे कमी. सरासरीत त्या चुका काही प्रमाणात एकमेकींना खोडून काढतात. चौकटीच्या बाबतीत असे नव्हते. वरची रुंदी खरोखरच ९०६ मिमी होती आणि खालची खरोखरच ९१७. आकड्यांतला फरक मोजणाऱ्याचा नव्हता, वस्तूचाच होता. अशा आकड्यांची सरासरी काढली तर जी रुंदी मिळते, ती चौकटीत बहुधा एखाद्याच ठिकाणी सापडते.

दोन्ही प्रकारचे फरक वेगळे कसे ओळखायचे? एकाच ठिकाणी पाच वेळा मोजून पाहावे. आम्ही नंतर तसे केले. वरच्या टोकाला पाचही वेळा ९०५ ते ९०७ यांच्या मधलेच आकडे आले. म्हणजे आमची चूक एक मिलिमीटरच्या आसपास, आणि वर-खालचा फरक ११ मिलिमीटर. या अकराचा दोष टेपकडे जात नाही. हा साधा प्रयोग सातवी-आठवीच्या वर्गात करण्यासारखा आहे. त्याच्या जोडीला मुलांना विचारावे: कुठे सरासरी चालेल, कुठे सर्वांत लहान आकडा लागेल आणि कुठे सर्वांत मोठा? पुलाखालून ट्रक जाईल का हे पाहताना पुलाची कमीत कमी उंची हवी. विहिरीचा दोर घेताना पाणी सर्वांत खोल असते त्या महिन्याचे माप हवे. चपला घेताना दोन्ही पावलांपैकी मोठ्याचे. मुले आणखी पुष्कळ उदाहरणे काढतात.

कुठून कुठे मोजायचे?

'दाराची रुंदी' हे शब्द ऐकायला सोपे, पण एका दाराला निदान चार रुंद्या असतात. भिंतीत सोडलेल्या मोकळ्या जागेची रुंदी ही पहिली. तीत बसवलेल्या चौकटीची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी ही दुसरी. चौकटीच्या उभ्या लाकडांना झडप टेकण्यासाठी आतून खाच मारलेली असते. एका खाचेपासून समोरच्या खाचेपर्यंतचे अंतर ही तिसरी, आणि प्रत्यक्ष झडपेची रुंदी ही चौथी. आमच्या दाराची चौकट ७५ मिमी जाडीच्या लाकडाची, खाच १२ मिमीची. खाचेतले अंतर मध्ये ९१३ मिमी होते, म्हणून तिथे चौकटीची बाहेरची रुंदी ९१३ + ६३ + ६३ = १०३९ मिमी. भिंतीतली जागा त्याहूनही थोडी मोठी. 'दार केवढे?' या एका प्रश्नाला ९०६ पासून १०५० पर्यंत कोणतेही उत्तर देता येईल, आणि प्रत्येक उत्तर आपापल्या जागी बरोबर असेल. तेव्हा मापाच्या आकड्यापुढे ते कुठून कुठे घेतले हे लिहिलेच पाहिजे. त्याहून चांगले म्हणजे आकृतीत बाण काढून दाखवावे.

याखेरीज पाचवीही एक रुंदी आहे, आणि माणसांच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. दार उघडल्यावर मिळणारी मोकळी वाट. झडप ९०० मिमीची असली तरी वाट ९०० ची मिळत नाही. खाचेचे ओठ वाट अडवतात, आणि दार काटकोनातच उघडून थांबत असेल तर झडपेची जाडीही त्यात येते. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलासाठी ९०० मिमी मोकळी वाट हवी असे आपल्याकडची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, ती या पाचव्या रुंदीबद्दल.

एककांचाही थोडा गोंधळ असतो. आपल्या देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला. पण सुतारकामात इंच आणि सूत अजून नांदत आहेत. एका इंचाचे आठ भाग, त्यातला एक भाग म्हणजे एक सूत. इंच बरोबर २५.४ मिमी धरला जातो, म्हणून एक सूत ३.१७५ मिमी. तयार दारांच्या दुकानात अजून '७८ बाय ३०', '८१ बाय ३६' असेच बोलले जाते. भारतीय मानकांत मात्र १०० मिमी हा एकक धरतात. '१० डीएस २१' असे लिहिले असेल तर भिंतीतली जागा दहा एकक रुंद आणि एकवीस एकक उंच, आणि दार एका झडपेचे. आपले ९०६ मिमी मेस्त्रींच्या भाषेत ३५ इंच आणि सव्वापाच सुतांहून किंचित जास्त. मेस्त्री ते पाच सूत धरतील किंवा साडेपाच, आणि प्रत्येक भाषांतरात मिलिमीटरभर इकडेतिकडे होणारच. म्हणून ज्या टेपने माप घ्यायचे तीच टेप कापताना वापरावी. मग टेप थोडी चुकीची असली तरी चूक दोन्हीकडे सारखीच होते.

टेपची गोष्ट निघालीच आहे तर तिच्या टोकाचा आकडाही पाहू. पोलादी टेपच्या टोकाचा आकडा थोडा हलतो. बरेच जण ती टेप खराब झाली असे समजतात. आमच्यातल्या एकाने तर पूर्वी तो ठोकून घट्ट करून ठेवला होता. खरे म्हणजे तो मुद्दामच सैल ठेवलेला असतो, आणि तो हलतो नेमका स्वतःच्या जाडीइतका. फळीच्या कडेला अडकवून ओढले तर आकडा बाहेर सरकतो आणि शून्य त्याच्या आतल्या बाजूला येते. चौकटीच्या आत टेकवून दाबले तर तो आत सरकतो आणि शून्य त्याच्या बाहेरच्या बाजूला येते. दोन्ही मापे बरोबर यावीत म्हणून केलेली ही युक्ती आहे. शून्याची त्रुटी शिकवताना व्हर्नियरच्या आधी ही टेप मुलांच्या हातात द्यावी.

चौकट आयत आहे का?

चारही बाजू मोजल्या म्हणून काम झाले नाही. समोरासमोरच्या बाजू सारख्या असूनही चौकट कलंडलेली असू शकते. गुण्या लावून कोपरा तपासता येतो. पण गुण्याचा हात असतो वीतभर, आणि वीतभर अंतरात दिसणारा अर्धा मिलिमीटर दोन मीटरवर पाचसहा मिलिमीटर होतो. त्यापेक्षा दोन्ही कर्ण मोजणे चांगले.

समजा चौकट ९०० मिमी रुंद, २१०० मिमी उंच आहे आणि वरची बाजू १० मिमीने उजवीकडे सरकली आहे. पायथागोरसच्या सिद्धांतावरून एक कर्ण येतो २२८८.७ मिमी आणि दुसरा २२८०.८ मिमी. जवळपास ८ मिलिमीटरचा फरक टेपवर सहज दिसतो. नववीच्या मुलांना हे गणित करायला द्यावे. फळ्यावरच्या ३-४-५ च्या त्रिकोणापेक्षा त्यांना ते अधिक खरे वाटते, असा आमचा अनुभव आहे.

मात्र कर्ण सारखे आले की चौकट आयत, असे म्हणता येत नाही. समद्विभुज समलंब चौकोनाचे कर्णही सारखेच असतात! आमची चौकट वर अरुंद, खाली रुंद होती, आणि तिच्या कर्णांतला फरक जेमतेम दीड मिलिमीटर होता. कर्ण आणि समोरासमोरच्या बाजू, दोन्ही जुळल्या तरच आयत. 'कर्ण समान असणे पुरेसे आहे का?' हा प्रश्न पाठ्यपुस्तकात येतो तेव्हा त्याचे उत्तर चुकल्याने कोणाचे काही बिघडत नाही. इथे मात्र दार बसत नाही.

आणखी एक दोष टेपला दिसतच नाही. चौकटीचा एखादा कोपरा भिंतीच्या पातळीतून पुढे आलेला असतो. त्यासाठी दोन दोऱ्या चौकटीच्या तोंडावरून कर्णांवर ताणून बांधाव्यात. चारही कोपरे एका पातळीत असतील तर दोऱ्या मधोमध एकमेकींना जेमतेम टेकतात. एक कोपरा ८ मिमी पुढे असेल तर मध्ये ४ मिमी अंतर पडते (किंवा एक दोरी दुसरीला दाबून वाकवते, म्हणून दोऱ्यांची जागा बदलून पुन्हा पाहावे). अर्धेच का, हे मुलांना शोधू द्यावे. कर्णाचा मध्यबिंदू लक्षात घेतला की उत्तर मिळते.

बिजागऱ्यांच्या बाजूचे लाकूड ओळंब्यात आहे की नाही हेही पाहावे लागते, आणि तेही दोन दिशांनी. ते कललेले असेल तर दार आपोआप उघडत जाते किंवा बंद होत जाते. झडपेचा गुरुत्वमध्य सर्वांत खालच्या जागी जाऊ पाहतो इतकेच. जुन्या भूकंपमापकांतला आडवा लंबक याच तत्त्वावर टांगलेला असे.

पाऊस

आता आमची दुसरी चूक. ती पहिलीपेक्षा मोठी होती.

मेस्त्रींनी अडकलेली झडप वरच्या बाजूला तिरकी रंधून बसवून दिली. ते मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. मेस्त्री फट थोडी जास्त ठेवा म्हणत होते. फटीतून पाऊस येईल म्हणून आम्हीच 'अगदी बेताची' फट ठेवायचा आग्रह धरला. शिवाय स्वस्तात व्हावे म्हणून झडप साध्या उभ्या फळ्यांची, मागून आडव्या पट्ट्या ठोकलेली अशी करून घेतली होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सातवीचा वर्ग गळतीमुळे सभागृहात बसवला होता. वाऱ्यासाठी कोणीतरी मागचे दार जोर लावून बंद केले, आणि ते चौकटीत रुतून बसले. समोरच्या दाराशी जुनी बाके छपराएवढी रचलेली. दार आतल्या बाजूला उघडणारे. आतून ओढायला नुसती कडी, ती दोन मुलांच्या हातांनी ओढून उपयोग होईना. बाहेरून लाथा मारून, आतून बाके हलवून सगळ्यांना बाहेर काढेपर्यंत दहा-बारा मिनिटे गेली. काही झाले नाही. पण विजेची तार जळाली असती, किंवा नुसता धूर झाला असता, तर काय झाले असते ते आमच्या मनातून गेले नाही.

लाकूड फुगते हे कोणाला ठाऊक नसते? आम्हांलाही ठाऊक होते. किती फुगते हे मात्र आम्ही कधी मोजले नव्हते.

लाकडाच्या पेशी खोडाच्या लांबीच्या दिशेने गवताच्या काड्यांच्या पेंढीसारख्या रचलेल्या असतात. त्यांच्या भिंतींतले सेल्युलोजचे धागेही जवळजवळ त्याच दिशेने असतात. हवेतली वाफ या धाग्यांच्या मध्ये शिरते आणि त्यांना एकमेकांपासून बाजूला सारते. धागा लांब होत नाही. त्यामुळे लाकूड आडवे फुगते, उभे जवळजवळ फुगतच नाही. आडव्यातही वर्षवलयांच्या कडेकडेने ते जास्त फुगते, आणि गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने साधारण निम्मे. सागवानाच्या लाकडात पाण्याचे प्रमाण एक टक्क्याने वाढले तर वलयांच्या दिशेने रुंदी सुमारे ०.१९ टक्के वाढते आणि दुसऱ्या दिशेने ०.१० टक्के. आणि साग हे कमी फुगणारे लाकूड आहे.

हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात पाणी सुमारे ९ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ८५ टक्के झाली की ते १७ टक्क्यांच्या आसपास जाते. फरक आठ टक्क्यांचा. आता हिशेब करू. ०.१९ गुणिले ८ म्हणजे सुमारे दीड टक्का. उभ्या फळ्यांच्या ९०० मिमी रुंद दारावर दीड टक्का म्हणजे साडेतेरा मिलिमीटर! फळ्या दुसऱ्या दिशेने कापलेल्या असल्या तरी सात मिलिमीटर. आम्ही ठेवलेली 'बेताची फट' दोन्हीकडची मिळून चार मिलिमीटर होती. आमची झडप साध्या जंगली लाकडाची, म्हणजे सागापेक्षाही वाईट. ती अडकली यात नवल नव्हते. ती जूनमध्येच अडकली नाही याचे नवल.

उंचीत मात्र हे दार मिलिमीटरभरही वाढले नव्हते. पोलादाशी तुलना करून पाहण्यासारखी आहे. दोन मीटर पोलाद वीस अंशांनी तापले तर जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. उष्णतेने होणारे प्रसरण आपण पुस्तकात शिकवतो, रुळांच्या फटी दाखवतो. पण घरातल्या दाराला अडवणारे प्रसरण उष्णतेचे नसते, ओलीचे असते.

यावरचा उपाय सुतारांनी कधीच शोधून ठेवला आहे. दोन उभ्या पट्ट्या, तीन-चार आडव्या पट्ट्या यांचा सांगाडा करायचा आणि मधल्या खाचांत पातळ फळ्या सैल बसवायच्या. हेच पॅनेलचे दार. आडव्या पट्ट्यांची लांबी दाराच्या रुंदीच्या दिशेने, म्हणजे त्या लांबत नाहीत. फळ्या फुगतात, पण खाचेतल्या रिकाम्या जागेत. दाराची रुंदी वाढवू शकतात त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या. त्या प्रत्येकी १०० मिमीच्या धरल्या तर २०० मिमीचा दीड टक्का, तीन मिलिमीटर. सुतारी हिशेबात एक सूत! पॅनेलची नक्षी शोभेसाठी असते असे आम्ही तोवर समजत होतो. ही फळी खाचेत कधी डिंकाने चिकटवू नये, असे मेस्त्री बजावतात. तसे केले तर ती कोंडली जाते आणि उन्हाळ्यात आकसताना उभी फाटते. प्लायवूडच्या दारात पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात, एक थर दुसऱ्याला फुगू देत नाही, म्हणून तीही रुंदीत फारशी बदलत नाहीत. पण बाहेरच्या दारासाठी पाण्याने न सुटणाऱ्या डिंकाचीच घ्यावी लागतात.

इथे एक सांगायला हवे. अडणारे प्रत्येक दार फुगलेले नसते. दार कडीच्या बाजूला तळाशी जमिनीला घासत असेल तर बहुधा वरची बिजागरी सैल झालेली असते. झडप तीस किलो वजनाची, ९०० मिमी रुंद आणि बिजागऱ्यांत १५०० मिमी अंतर धरले, तर वरच्या बिजागरीवर बाहेर ओढणारा जोर सुमारे नऊ किलो वजनाइतका सतत असतो. ती दोन मिलिमीटर सुटली की दुसरे टोक सव्वा मिलिमीटर खाली येते. लांब स्क्रू लावले की काम भागते. आधी हे पाहावे, मग नव्या दाराची मापे घ्यावीत.

दुसऱ्यांदा

पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा मापे घ्यायला बसलो. या वेळी नववीची सहा मुले-मुली आणि मेस्त्री बरोबर होते. पहिला निर्णय मापाचा नव्हता, दिशेचा होता. दार बाहेर उघडले पाहिजे. बाहेर पडण्याच्या वाटेवरचे दार खोलीपासून दूर, बाहेरच्या बाजूला उघडावे असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. गर्दी दारावर रेटते तेव्हा आत उघडणारे दार त्या रेट्यानेच बंद राहते. पण दिशा बदलायची म्हणजे चौकटीची खाच दुसऱ्या बाजूला हवी. म्हणजे चौकटही बदलणे आले, आणि माप खाचेचे नव्हे तर भिंतीतल्या जागेचे घ्यावे लागले. गिलाव्याखाली भिंत कुठे सुरू होते ते दिसत नाही. मेस्त्रींनी तीन ठिकाणी गिलावा उचकटून चिऱ्याची कड मोकळी केली. वर १०४६, मध्ये १०५५, खाली १०५२. या वेळी कोणी सरासरी काढली नाही. १०४६ मधून दोन्हीकडचे पाच-पाच मिलिमीटर वजा केले आणि चौकट १०३६ ची ठरली.

संहितेत अशा वाटेची रुंदी निदान एक मीटर सांगितली आहे. ती आम्हांला मिळाली नाही. चिरे तासून जागा वाढवावी असे आमच्या मनात होते. मेस्त्रींनी वरच्या लिंटेलकडे बोट दाखवले. त्याची दोन्ही टोके भिंतीवर जेवढी टेकली होती त्यातले काही कमी करायला ते तयार नव्हते, आणि त्यांचे बरोबर होते. समोरचे दोन झडपांचे दार रुंद आहे. तिथली बाके आम्ही त्याच दिवशी हलवली.

बाहेर उघडणाऱ्या झडपेला बाहेर सपाट जागा लागते. मुलांनी झडपेएवढी दोरी घेऊन बिजागरीच्या जागेपासून जमिनीवर खडूने पाव वर्तुळ काढले, आणि ते पायरीच्या बाहेर गेले! पायरी ६०० मिमी खोल, झडप ९०० च्या आसपास. दार उघडून बाहेर पडणारा मुलगा थेट खाली पडला असता. पायरी वाढवावी लागली.

त्या पाव वर्तुळावर जमीन कुठे उंच आहे हेही पाहावे लागते. त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून पाणसळ केली. तिचे एक टोक चौकटीवरच्या खुणेशी धरायचे, दुसरे वर्तुळावर फिरवायचे आणि पाण्याच्या पातळीपासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यायचे. सर्वांत लहान अंतर आले तिथे जमीन सर्वांत उंच. झडपेचा तळ त्या ठिकाणाहून मोजायचा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दोन्ही टोकांना पाणी सारख्या उंचीवर येत नाही. आमच्या पहिल्या मापात तो राहिलाच होता, एका मुलीच्या लक्षात आला.

डावे-उजवे हा आणखी एक सापळा. 'बिजागऱ्या डावीकडे' असे आम्ही लिहिले होते. आतून पाहिल्यावर डावी असलेली बाजू बाहेरून उजवी होते. शब्दांनी सांगण्यापेक्षा वरून पाहिल्यासारखी आकृती काढावी. भिंत, झडप, ती फिरते ते पाव वर्तुळ, आणि 'मैदान' व 'सभागृह' असे दोन्हीकडे लिहावे.

शेवटी एक बारकावा. मेस्त्री झडपेची कडीकडची कड किंचित तिरकी रंधतात. झडप फिरते ती बिजागरीभोवती. तिचा खाचेकडचा कोपरा बिजागरीपासून ९०० मिमी नव्हे, तर ९०० आणि ३५ या बाजूंच्या काटकोन त्रिकोणाच्या कर्णाइतका दूर असतो. तो कर्ण ९००.७ मिमी. म्हणजे पाऊण मिलिमीटर फट तर फिरण्यातच जाते. अरुंद झडपेला हा त्रास कमी होईल असे वाटते ना? ४५० मिमीच्या झडपेचे गणित करून पाहा. कर्ण येतो ४५१.४, म्हणजे दुप्पट फट लागते. दोन झडपांच्या दाराच्या कडा जास्त तिरक्या का असतात ते यातून कळते.

नवी झडप सागवानी, पॅनेलची आहे. बसवण्यापूर्वी तिच्या तळाच्या कडेलाही रंगाचे दोन हात दिले, कारण लाकडाची कापलेली टोके पाणी सर्वांत लवकर ओढतात आणि दार एकदा टांगले की तिथे ब्रश पोचत नाही. जुनी झडप तिथूनच कुजली होती. बिजागऱ्यांच्या बाजूची फट बदलत नाही, सगळी वाढ कडीच्या बाजूला दिसते. म्हणून तिथे चार मिलिमीटर फट ठेवली.

ही फट आता मुलेच मोजतात. ५०० कागदांच्या गठ्ठ्याची जाडी पट्टीने मोजली, ती सुमारे ५० मिमी आली, म्हणजे एक कागद ०.१ मिमी. फटीत एकावर एक किती कागद जातात ते मोजायचे. मे महिन्यात ४२ गेले, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात २४. वाढ १.८ मिमी, आमच्या हिशेबातले तीन मिलिमीटर काही झाले नाहीत. रंगामुळे ओल हळू शिरते असे काहींचे म्हणणे, तर लाकूड दोन्ही दिशांच्या मधले कापलेले असेल असे इतरांचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा कागद घालून पाहायचे आहेत. तोवर दार कोरडे होऊन ४२ पर्यंत परत येईल की तीसच्या आसपासच अडेल, यावर नववीत दोन तट पडले आहेत.